पालथी परात आणि उंच गवत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, भाच्याकडे गेलो होतो. शिकागोपासून मोटारीनं पश्चिमेला दोन तास गेलं की त्याचं घर लागतं. घराभोवती चार एकर मोकळी जमीन. चार एकर म्हटल्यावर मी सहज विचारलं, ‘‘काय पिकवतोस रे?’’

‘‘गवत, मामू.’’

‘‘आणि त्याचं काय करतोस?’’

‘‘कापतो.’’

‘‘कापून?’’

‘‘आठवड्यानं परत कापतो.’’

तो हसला, मीही हसलो. पण गवत कापून नुसतं टाकून द्यायचं, ही गोष्ट मला पचायला जड गेली. त्याला कारण आहे. माझे आजोबा डहाणूच्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या गवताच्या वखारीत काट्यावर होते. जंगलातून भारे यायचे, आजोबा ते तोलायचे, मग दाबयंत्रात त्यांच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना व्हायच्या. गवत हा आमच्या घरात वजनाचा, आणे-पैशांचा विषय होता. हिरवळ हा शब्द मला कवितेतच भेटला.

त्या वर्षी भाच्याचं गवत मात्र हाताबाहेर गेलं होतं. माझ्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या आईचं, ऑपरेशन होतं म्हणून तो पाच आठवडे भारतात होता. परत जाताना मला बरोबर घेऊन गेला. इकडे पाऊस पडून गवत कंबरेला लागलेलं. टपालपेटीत नोटीस : गवत ठरलेल्या उंचीच्या वर गेलं आहे, सात दिवसांत कापा, नाहीतर आम्ही कापू आणि बिल पाठवू. कोणत्या कार्यालयाची ते सांगत नाही. नियम होता आणि त्यानं तो मोडला होता, एवढंच.

त्याच्याकडे वीस-बावीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे. आपल्याकडे द्राक्षबागेत फिरतो तेवढाच. फरक असा, की या ट्रॅक्टरच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, एक लोखंडी डेक टांगलेला असतो. पाच फूट रुंदीची परात पालथी घातली तर दिसेल तसा. त्या परातीत तीन पाती आडवी फिरतात. इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या मधल्या पीटीओतून दांड्यानं डेकपर्यंत येते आणि पुढे पट्ट्यानं तिन्ही पात्यांना मिळते. पात्याची मागची कड पंखासारखी वर वळवलेली असते. त्यामुळे पातं फिरलं की खालून वर वारा ओढला जातो, गवत उभं राहतं, कापलं जातं आणि बाजूच्या तोंडातून बाहेर उडतं. पात्याच्या टोकाचा वेग किती असावा? तिथल्या सुरक्षा मानकानं मर्यादा घातली आहे मिनिटाला १९,००० फूट. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास.

भाच्यानं नेहमीप्रमाणे डेक अडीच इंचांवर ठेवला आणि ट्रॅक्टर गवतात घातला. वीस-पंचवीस पावलं गेला असेल. इंजिनाचा आवाज बसला, जळक्या रबराचा वास आला, बाजूच्या तोंडातून उडणारं गवत थांबलं. मागे पाहिलं तर कापणी अशी नव्हतीच. दोन चाकांखाली दोन पट्टे आडवे चेपलेले, मध्ये अर्धवट तुटलेल्या काड्या, अधूनमधून ओल्या गवताचे ढीग. भाचा खाली उतरला आणि तुंबलेल्या तोंडाकडे हात नेऊ लागला. इंजिन सुरूच होतं. मी एवढ्या जोरात ओरडलो, की शेजारचे म्हातारे शेतकरी कुंपणापाशी आले. पीटीओ बंद करायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, पाती थांबल्याची खात्री करायची आणि मगच खाली वाकायचं. त्याला हे ठाऊक होतं. पण सात दिवसांची नोटीस माणसाला घाई करायला लावते.

म्हाताऱ्यांनी डेकखाली वाकून पाहिलं. आतल्या बाजूला हिरव्या चटणीचा थर चिकटला होता. वारा फिरायला जागाच उरली नव्हती, आणि वारा नाही तर गवत उभं राहत नाही. त्याआधीच एक गोष्ट झालेली असते. डेक पोटाखाली असल्यामुळे पुढची चाकं आधी गवतावर जातात, डेकची कड उरलेलं गवत पुढे ढकलते, आणि पातं येईपर्यंत उंच काडी आडवी झालेली असते. बोटभर गवत असं लवून लगेच उठतं. कंबरेएवढं गवत उठत नाही. महापुरात वाकून वाचणाऱ्या लव्हाळ्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो, तीच इथे यंत्रासमोर घडते.

मग त्यांनी रीत सांगितली. उन्हानं दंव सुकू द्यायचं. आधी पायी फिरून दगड, तारा, बुंधे पाहायचे, आणि पक्ष्यांची घरटीही. डेक सगळ्यात वर, चार इंचांच्या आसपास घ्यायचा. इंजिन पूर्ण वेगानं, ट्रॅक्टर मात्र गोगलगाईच्या चालीनं. डेकची अर्धीच रुंदी गवतात घालायची. बाहेर पडणारं गवत कापलेल्या बाजूला पडलं पाहिजे, नाहीतर पुढच्या फेरीत तेच परत तोंडात येतं. रेडिएटरच्या जाळीवर गवताचं बी बसतं, ते दर थोड्या वेळानं झाडायचं, नाहीतर इंजिन तापतं. दोन दिवसांनी डेक खाली घेऊन आडव्या दिशेनं दुसरी फेरी. एवढं सांगून म्हातारे म्हणाले, की खरं तर हे याचं कामच नाही. उंच गवताला ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं जाड पात्याचं यंत्र लागतं. पोटाखालचं यंत्र लहान गवत लहान ठेवण्यासाठी असतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. लहान गवत लहान ठेवणं, हे काम माणसानं कधी आणि कशासाठी अंगावर घेतलं? परत आल्यावर जमेल तसं वाचत गेलो, आणि गवत शोधता शोधता कापडाच्या गिरणीत पोहोचलो.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथल्या दऱ्यांतून ओढे वाहतात आणि ओढ्यांवर लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. इथलं लाल कापड प्रसिद्ध. लाल डगल्याच्या ज्या पलटणींनी आपल्याकडे राज्य उभं केलं, त्यांच्या अंगावर हे कापड असे. विणल्यानंतर ते कुटून घट्ट करत, मग काटेरी बोंडांनी घासून त्याची लव उभी करत, आणि ती लव सारखी कातरून टाकत. कातरण्यासाठी चाळीस-पन्नास रत्तल वजनाची प्रचंड कात्री असायची. ती चालवणारे कारागीर वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार होत. त्यांची मजुरी चांगली होती आणि मानही होता. कापडाची लव आणि जमिनीवरची गवताची कोवळी लव, दोन्हींना मराठीत एकच शब्द. हा योगायोग मला उगाच सुखावून गेला, पण पुढचा इतिहास सुखावणारा नाही.

लव उभी करणारी आणि कातरणारी यंत्रं आली, तशी या कारागिरांची कामं गेली. १८०२ मध्ये विल्टशर परगण्यात त्यांनी गिरण्या जाळल्या. त्या प्रकरणात टॉमस हेलिकर नावाच्या शिकाऊ कारागिराला २२ मार्च १८०३ रोजी फाशी झाली. त्या दिवशी त्याला १९ वर्षं पूर्ण झाली होती. तो निर्दोष होता असं त्याच्या भागातले लोक मानत आले आहेत. पुढे यॉर्कशरमध्ये याच धंद्यातल्या लोकांनी हातोडे उचलले. १८१३च्या जानेवारीत यॉर्कला १७ जण फासावर गेले. यंत्र मोडणाऱ्याला मृत्युदंड देणारा कायदा १८१२ मध्ये पार्लमेंटपुढे आला, तेव्हा त्याच्या विरोधात वरिष्ठ सभागृहात उभा राहिला तो एक कवी, लॉर्ड बायरन. त्याचं ते पहिलंच भाषण. कायदा अर्थात मंजूर झाला. कवींच्या भाषणांचं बहुधा असंच होतं.

१८१५ मध्ये स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम्बच्या लुईस नावाच्या गिरणीवाल्यानं फिरत्या पात्यांचं कातरयंत्र पेटंट केलं. रुळावर नागमोडी पाती बसवलेली, खाली एक स्थिर पातं, दोहोंमधून कापड सरकलं की लव साफ. याच परिसरात एडविन बडिंग नावाचा यंत्र दुरुस्त करणारा कारागीर होता. त्यानं हे यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, की कापड हलवण्याऐवजी यंत्रच जमिनीवरून ढकललं तर? जॉन फेराबी या ओतशाळेच्या मालकाशी त्यानं करार केला आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. लोक हसतील म्हणून त्यानं रात्री चाचण्या घेतल्या, असं सांगतात. पेटंटात बडिंगनं गवत कापण्यासाठी जे शब्द योजले, ते कापड कातरणाऱ्यांच्याच धंद्यातले आहेत. आणि गावाकडच्या श्रीमंत गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवून करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम मिळेल, असंही त्यात लिहून ठेवलं आहे.

त्याआधी श्रीमंतांच्या बागेतलं गवत माणसं कापत, लांब दांड्याच्या मोठ्या विळ्यानं. पहाटे, दंव असताना, कारण ओल्या गवतावर विळा सरळ चालतो. कुरणातलं उंच गवत चांगला कापणारा दिवसाला एकरभर कापी. पण बागेतलं बोटभर गवत त्याच विळ्यानं सारखं राखायचं ही निराळी कला. उलट बडिंगच्या यंत्राला कोरडं गवत चालत होतं, मालकाला पहाटे उठायची गरज नव्हती, आणि खालच्या पात्यामुळे उंची आपोआप सारखी राहत होती. लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत १८३१ मध्ये हे यंत्र चाललं. तिथल्या मुकादमानं शिफारस केली, की विळे-झाडूवाल्या सहा ते आठ माणसांचं काम हे एकटं करतं.

आता या तारखेशेजारी दुसरी तारीख ठेवा. बडिंगच्या पेटंटच्या तीन दिवस आधी, २८ ऑगस्ट १८३०च्या रात्री, केंट परगण्यातल्या लोअर हार्ड्रस इथे शेतमजुरांनी मळणीयंत्र फोडलं. हिवाळ्यात मळणी हीच त्यांची रोजी. त्या ठिणगीचा वणवा दक्षिण इंग्लंडभर पसरला. नोव्हेंबरात तो ग्लॉस्टरशरमध्येही पोहोचला, बडिंगच्या ओतशाळेपासून फार लांब नाही. शेवटी १९ जणांना फाशी झाली आणि ४८१ जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडलं.

मळणीयंत्रं फुटली, पण बडिंगचं यंत्र कुणी फोडल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मला वाटतं, मळणीयंत्र अख्ख्या गावाची हिवाळ्याची भाकरी एकदम नेत होतं. बागेतलं यंत्र एका वाड्यातून चार, दुसऱ्यातून सहा, अशी माणसं कमी करत गेलं. त्यांचा मोर्चा निघत नाही. मुकादमाची शिफारस शिल्लक राहिली. त्या सहा-आठ जणांनी पुढे काय केलं, हे त्यात असणार तरी कसं?

उंच गवत मात्र बडिंगच्या यंत्राच्या आवाक्यात नव्हतंच. ते काम अमेरिकेत निराळ्या वाटेनं झालं, आणि ती वाट भाच्याच्या अंगणावरूनच जाते. इलिनॉयचं टोपणनावच मुळी गवताळ माळाचं राज्य. कधीकाळी इथे माणूस बुडेल एवढं गवत होतं. त्याची मुळं इतकी घट्ट, की नांगराला माती चिकटून बसे. १८३७ मध्ये ग्रँड डीटूर या खेड्यात जॉन डिअर नावाच्या लोहारानं पोलादी फाळ घडवला आणि त्या फाळानं माळ उलथला. मूळ माळाचा शंभरातला दहावा अंशसुद्धा आज इलिनॉयमध्ये धड उरलेला नाही. मॅकॉर्मिकनं १८३४ मध्ये पेटंट केलेलं कापणीयंत्र १८४७ मध्ये शिकागोत आलं. त्याच्या घडणीत जो अँडरसन या गुलाम माणसाचा हात होता, हे नंतर मान्य झालं. त्या जातीच्या यंत्रात दातेरी पातं करवतीसारखं आडवं मागेपुढे सरकतं आणि उभी काडी बुडाशी कापतं. उंच गवताला हीच चाल मानवते. मॅकॉर्मिकची कंपनी इतरांत मिसळून १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली.

फिरतं आडवं पातं सर्रास वापरात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ते कात्रीसारखं कातरत नाही. लहानपणी आपण छडी फिरवून गवताची तुरे उडवायचो ना, तसं नुसत्या वेगानं मारतं. याच इलिनॉयमध्ये ऑरेगॉन नावाच्या गावात वुड नावाच्या भावांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ट्रॅक्टरवर चालणारं असं यंत्र बनवलं. १९४७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरनं ‘फार्मॉल कब’ हा जेमतेम दहा एचपीचा ट्रॅक्टर काढला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांच्या गोठ्यात असाच एक धूळ खात उभा होता. त्याचं इंजिन मुद्दाम एका बाजूला आणि बसायची जागा दुसऱ्या बाजूला. का? शेतकऱ्याला पोटाखालचं कोळपं आणि पिकाच्या ओळी बसल्या जागी दिसाव्यात म्हणून. म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखाली आधी कोळपं आलं, गवताचं पातं नंतर. दोन चाकांच्या मध्ये टांगलेलं अवजार जमिनीच्या चढउताराबरोबर चालतं, मागे लोंबणाऱ्या अवजारासारखं उसळत नाही. छोट्या हिरवळीला हे फार सोयीचं.

आणि हिरवळी वाढतच होत्या. त्याच १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहू लागली. तिथल्या रहिवाशांवर एप्रिल ते नोव्हेंबर दर आठवड्याला गवत कापण्याचं बंधन होतं. घरात गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही, अशीही अट सुरुवातीच्या करारांत होती. भाच्याला आलेल्या नोटिशीचं कूळ मला तिथे सापडलं. दोन अटींपैकी एक कायद्यानं गेली, दुसरी टपालपेटीत आली. पुढे १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणि १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’, असे खास घरमालकांसाठी पोटाखाली डेक घेतलेले ट्रॅक्टर आले. मग भातशेतीसाठी छोटे ट्रॅक्टर बनवणारे जपानी आले. त्याच १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. १९९४ पासून महिंद्रचे ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जाऊ लागले, आणि त्यांतल्या छोट्यांच्या पोटाखाली हीच पालथी परात बसते.

आमचं काम सांगायचं राहिलं. नवा पट्टा बसवून, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या रीतीनं भाच्यानं पहिल्या फेरीला दीड दिवस घेतला. तासभर मीही बसलो. मधोमध एका जागी मला जमिनीवर हालचाल दिसली म्हणून त्याला हाक मारली. घरटं होतं, तीन अंडी. तेवढा तुकडा त्यानं खुंट्या ठोकून सोडला. दोन दिवसांनी दुसरी फेरी झाली आणि नोटिशीचा सातवा दिवस टळला.

चार एकरांवर गवताचे ढीग पडले होते. मी विचारलं, ‘‘हे सगळं किती भरेल वजनाला?’’ त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणून मग त्याला त्याच्या पणजोबांच्या काट्याची गोष्ट सांगितली. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीनं, गवत कापणीचा संप केला. मागणी एवढीच होती : पाचशे रत्तल गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच वारली मेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हा सगळा लढा लिहिला.

‘‘मग पणजोबा कुणाच्या बाजूला होते?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘काट्याच्या,’’ मी म्हणालो. आजोबा त्या दिवसांबद्दल घरात कधी बोलले नाहीत. काट्याला पासंग आहे की नाही ते रोज पहाटे तपासत, एवढं आजी सांगायची. ते कुणासाठी तपासत, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भाचा थोडा वेळ ढिगांकडे बघत राहिला. मग त्यानं मोबाइल काढून चार एकर गवताचं वजन किती भरतं ते शोधायला सुरुवात केली. मी डेकखालचा लगदा लाकडी पट्टीनं खरवडत बसलो. किल्ली माझ्या खिशात होती.